दाजींची टोळी आणि टॉवरचा हात

टॉवरला सगळी साइट टॉवर म्हणायची आणि तो उंचीने बेताचाच होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा उगाच ताडमाड माणूस डोळ्यांसमोर आणायचा. नाव पडलं ते कामावरून. बांधकामावर जी उंच पिवळी क्रेन उभी असते ना, ती तो चालवायचा. सकाळी शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये बसला की संध्याकाळीच उतरायचा. डबा वर, पाणी वर. नव्याने लागलेला एखादा गडी दबकत विचारायचा, बाकीच्या गोष्टींचं काय? त्यावर टॉवर गंभीरपणे सांगायचा की त्याची बाटली वेगळी असते, आणि दोन्ही बाटल्या एकाच रंगाच्या घेऊ नयेत. लग्न त्याने केलं नाही. याचं क्रेनशीच लागलंय, असं त्याची थोरली बहीण भेटेल त्याला सांगायची. वर बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला मुलगी कोण देणार, हे तिचं आवडतं वाक्य होतं.

शेळ्या हाकण्याचं काम खरं म्हणजे तिच्या नवऱ्याचं होतं. दाजी सिग्नलवाले. क्रेनच्या केबिनमधून खालचं निम्मंअधिक दिसतच नाही. मध्ये भिंती येतात, मजले येतात. म्हणून खाली एक माणूस उभा असतो आणि तो हाताने सांगतो: उचल, फिरव, सोड, हळू, थांब. कानाशी रेडिओ असतो, पण दाजींचा विश्वास हातावर. वरच्याने स्वतःच्या डोळ्यांना काय वाटतं ते बाजूला ठेवायचं आणि खालच्याचा हात सांगेल तेवढंच करायचं, हा या धंद्याचा पहिला धडा. टॉवरला तो दाजींनीच शिकवला होता. त्याला या कामावर आणलंही त्यांनीच. तेव्हापासून हा वर आणि ते खाली, अशी जोडी जमली ती जमलीच. वजन खाली टेकतं तेव्हा दाजी त्याच्या हातभर अंतरावर उभे असतात. त्यांचा जीव टॉवरच्या मुठीत असतो, असं म्हटलं तर ती नुसती बोलायची पद्धत नव्हे.

आणि त्या मुठीलाच काहीतरी झालं होतं.

थंडी सुरू झाली तेव्हा टॉवरचा उजवा हात थरथरायला लागला. लांबचं काही घ्यायला हात पुढे केला, की बोटं आपापली नाचायची. आधी त्याला वाटलं गारठा असेल. थंडी सरली, हात काही सरळ झाला नाही. मग त्याने युक्त्या काढल्या. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, जणू ऊब घेतोय. सही उभ्याने करायची, कोपर अंगाशी दाबून. डॉक्टरकडे जायचं नाव नाही, कारण डॉक्टरकडे गेलं की गोष्ट कागदावर येते आणि कागदावर आली की केबिन जाते. स्वतःची समजूत त्याने एका वाक्यात घातली होती: क्रेनचा लिव्हर हातात असला की हात गप्प असतो. बऱ्याचदा ते खरंही असायचं. पण मागच्या महिन्यात लोखंडी सळयांची मोळी उतरवताना हाताने हिसका दिला, मोळी झुलली, आणि खालचे दोन गडी उड्या मारून बाजूला झाले. टॉवर रेडिओवर म्हणाला, "वारा आला." खालून दाजींचा आवाज आला, "हो, वारा होता." विषय तिथे मिटला. पण त्या वेळी झाडाचं पानही हललं नव्हतं, हे टॉवर जाणून होता.

उद्या, सोमवारी, त्यांना हॉस्पिटलच्या गच्चीवर वातानुकूलनाचं मशीन चढवायचं होतं. एका खोलीएवढं धूड. दोन इमारतींच्या मधल्या बोळातून वर न्यायचं आणि गच्चीवरच्या चार बोल्टांवर बसवायचं. दाजी त्या बोल्टांपाशी उभे राहणार. हात झाकलेला राहिला तर उद्या टॉवर वर आणि दाजी खाली. हात उघडा पडला तर केबिन गेली, आणि या वयात दुसरं काहीच येत नसलेल्या माणसाने केबिनशिवाय करायचं काय, हे टॉवरला माहीत नव्हतं. गेले कितीतरी दिवस तो हेच घोळवत होता आणि दर वेळी हात झाकलेला राहील इथपर्यंत येऊन थांबत होता.

मोठं वजन उचलायचं असलं की आदल्या दिवशी दोघांनी दाजींच्या टेबलावर बसायचं, काड्यापेट्या आणि डबे मांडून उद्याचं काम आजच एकदा करून बघायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. म्हणून टॉवर रविवारी दुपारी बहिणीकडे गेला. न जाऊन चालणारच नव्हतं.

दाजींची मागची खोली ही एक अजब जागा. दिवसभर लोखंड आणि सिमेंटमध्ये उभा राहणारा हा माणूस घरी येऊन बोटभर उंचीचे राक्षस रंगवायचा. राक्षस, चेटकिणी, बुटके, सांगाड्यांची फौज. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर हे सैन्य. "आमच्या घरात राक्षसांना स्वतंत्र खोली आहे," ताई म्हणायची, "मला साडीचं कपाट नाही." त्यांच्या लढाया लावायचा एक खेळ असतो आणि दाजी तो दर महिन्याला कुणाकुणाबरोबर खेळायचे. टॉवरला त्यांनी वर्षानुवर्षं बोलावलं आणि टॉवरने वर्षानुवर्षं हसण्यावारी नेलं.

आज टेबलावर काड्यापेट्या नव्हत्या. थर्माकोलचे डोंगर होते, प्लायवूडचा मोडका पूल होता, पलीकडे एक फाटक.

"मशीनचं मी सकाळीच बघून ठेवलंय," दाजी म्हणाले. "आपल्याला पाठ आहे ते. आज एक डाव खेळ माझ्याशी. डोकं मोकळं होईल."

"मला कुठे येतं ते?"

"येणाऱ्याशी मी दर वेळी हरतो. न येणारा हवाय."

 बोटभर सोंगटी उचलायची, हात लांब करायचा, डोंगराच्या कडेला नेऊन ठेवायची, आणि तेही या माणसासमोर, ज्याचा सगळा जन्म हात बघण्यात गेला. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आज नाही म्हटलं तर ते वेगळं दिसेल. "चला," तो म्हणाला. "द्या माझ्या सोंगट्या."

"सोंगट्या नाहीत त्या. टोळी आहे."

टोळीत सहा जण होते. ओतीव धातूचा एक जाडजूड राक्षस, एक चेटकीण, तीन धनुष्यवाले आणि हातात कंदील घेतलेला एक बुटका. त्या बुटक्याला पुलावरून पलीकडच्या फाटकात न्यायचं, की टॉवर जिंकला. दाजींच्या सांगाड्यांनी त्याला अडवायचं. एकाने एक चाल करायची, मग दुसऱ्याने एक. किती पुढे जायचं ते मेजर टेपने मोजायचं, मारामारी झाली की फासे टाकायचे. एवढंच. "आणि एक माझ्या घरचा नियम," दाजी म्हणाले. "उंचावर ठेवताना जो हातातून पडला तो मेला. सबब चालत नाही."

टॉवरने उजवा तळवा पँटीला पुसला.

ताई दाराशी खुर्ची टाकून वाळलेले कपडे घडी करत बसली होती. तिला खेळात रस नव्हता. पण धाकटा भाऊ आज या खोलीत बसलाय, हे तिला बघायचं होतं.

पहिली चाल टॉवरची. त्याने राक्षसाला डोक्याशी धरलं, उचललं, डोंगराच्या मागून पुढे आणलं आणि हवेतच थांबला. का थांबला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. समोर टेबलावर टेकलेला दाजींचा तळवा जरासा उचलला गेला आणि बोटं सावकाश खाली, खाली झाली. राक्षस खाली आला. बोटं मिटली. राक्षस टेकला, बरोबर दगडाच्या आडोशाला. दोघांच्याही लक्षात काही आलं नाही. ताईच्या हातातला टॉवेल मात्र अर्धी घडी होऊन तसाच राहिला.

मग चालींमागून चाली झाल्या. हात थरथरत होता, नाही असं नाही. धनुष्यवाल्याचं धनुष्य एकदा चांगलंच डुगडुगलं आणि टॉवरने खोकल्याचं निमित्त करून हात मागे घेतला. पण दाजींच्या बोटांकडे बघत हात चालवला की थरथर निम्मी होत होती. हे टॉवरच्या ध्यानात आलं आणि त्याच्या छातीवरचं ओझं एकदम हलकं झालं. म्हणजे उद्याचं जमेल. दाजींचा हात समोर असला की आपला हात ऐकतो. हे एवढंच तर पाहिजे होतं. त्याने फासे टाकले, तेही दोन्ही हातांच्या ओंजळीत खुळखुळवून, कारण ओंजळीत थरथर कुणाला दिसणार. दोन सांगाडे मेले. टॉवर मनापासून हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

"अहो," ताई म्हणाली, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने खेळताय?"

"म्हणजे?"

"त्याच्या प्रत्येक माणसाला तुम्हीच हाताने जागा दाखवताय. आणि हा शहाणा तुम्ही दाखवल्याशिवाय खाली ठेवत नाहीये."

दाजींनी टेबलाकडे पाहिलं. त्यांच्या तिरंदाज सांगाड्यांच्या अगदी पाठीमागे टॉवरची चेटकीण उभी होती. तिथे तिला त्यांनीच आणून उभी केली होती, कडेपासून थोडी आत, पडायला नको म्हणून. शत्रूला स्वतःच्या घरात बोट धरून आणणारा सेनापती त्या टेबलाने पहिल्यांदाच पाहिला असेल. दाजी इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "सवय," ते म्हणाले. "जन्माची सवय आहे गं."

"मग हात मांडीखाली घ्या. होऊ दे खरी लढाई. बघू तरी हा एकटा काय दिवे लावतो."

तिने ते थट्टेतच म्हटलं होतं. दाजी हसायचे थांबले. ते म्हणाले, "राहू दे ना. पहिलाच डाव आहे त्याचा."

"पहिला म्हणून काय झालं? कुक्कुलं बाळ आहे का तो?"

दाजींनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

 कंदीलवाला बुटका पुलाच्या तोंडाशी येऊन ठेपला होता. पुलावर तीन सांगाडे वाट अडवून उभे होते. त्यांना हटवायचं तर राक्षसाला पुलाच्या मोडक्या कमानीवर चढवून वरून त्यांच्या अंगावर घालायला हवं होतं. दुसरी चाल नव्हतीच. कमान दोन बोटं रुंद. टॉवरने टेपने अंतर मोजलं. पुन्हा मोजलं. टेपची पट्टी प्लायवूडवर टकटक वाजली, तशी त्याने ती घाईने मिटली.

राक्षस जड होता. त्याला उचलून टॉवरने हात लांब केला आणि सवयीने समोर पाहिलं. समोर दाजींची नुसती छाती होती, हात नव्हते. कोपराखालचा हात आपल्या मालकीचा नसावा तसा हलायला लागला. त्याने डाव्या हाताने मनगट धरावं असा विचार केला, पण तसं केलं तर सगळंच संपलं.  राक्षसाचा तळ कमानीला लागला आणि वाजायला लागला, टक् टक् टक् टक्, थांबेचना. टॉवरला वाटलं, आता सोडावं, टेकलाय. त्याने सोडला.

राक्षस खालच्या तिघांवर आदळला. तिघेही आडवे झाले, एकाचा भाला हातासकट तुटून ताईच्या पायाशी जाऊन पडला.

"घामाने निसटला," टॉवर म्हणाला.

"हो," दाजी लगेच म्हणाले. "नवा रंग गुळगुळीत आहे त्याचा."

ते इतक्या लगेच म्हणाले, की ताईने वर पाहिलं. तिने मांडीवरचे कपडे बाजूला ठेवले. "धाकट्या, हात पुढे कर."

"काय झालं?"

"पुढे कर म्हणते ना. आणि सैल सोड."

लहानपणी हातात काही लपवलं असलं की ती अशीच समोर उभी राहायची, आणि तिच्यापुढे त्याचं कधी काही चाललं नव्हतं. टॉवरने हात पुढे केला. टेबलावर, आडव्या पडलेल्या सांगाड्यांच्या वर, तो हात तिघांच्या देखत थरथरत राहिला.  टॉवरला वाटलं होतं की हा क्षण आला की धरणी दुभंगेल. तसं काही झालं नाही. नुसती लाज वाटली, आणि हात खाली घ्यावासा वाटेना, इतका तो लपवून लपवून दमला होता.

पण ताई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

दाजी मांडीखालून हात काढायला विसरले होते.

"महिना झाला, रोज तळहात सोलून घरी येताय. साखळ्या लावायचं काम तुमचं नाही, त्याला दोन माणसं आहेत. मी विचारलं तर म्हणालात, माणसं कमी आहेत." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "माणसं कमी नव्हती. तुम्ही त्यांना लांब उभं करत होतात. पडलंच काही अंगावर, तर एकट्याच्या पडावं म्हणून."

 हे टॉवरने पाहिलं होतं. रोज वरून पाहिलं होतं. क्रेनच्या आकड्याखाली हल्ली दाजी एकटेच असतात, हे त्याला दिसत होतं आणि बरं वाटत होतं: खाली गर्दी नाही, काम सोपं झालं. त्या एकटेपणाचं कारण आपण आहोत, हे त्याच्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. की शिरू दिलं नव्हतं, देव जाणे.

"पुढच्या महिन्यात त्याची वार्षिक तपासणी आहे," दाजी म्हणाले. "त्यात कळलंच असतं. तोवर मी सांभाळून घेतलं असतं. त्याची केबिन फक्त माझ्या तोंडून जायला नको होती. मीच त्याला वर चढवलाय."

"आणि उद्या? ते धूड? तेही सांभाळून घेणार होतात?" ताई आता दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "दोघांनी मिळून मला विधवा करायचं ठरवलंय का? तसं असेल तर सांगा. मी आत्ताच कपाळाकडे बघून घेते."

टॉवर उठला. खिशातून फोन काढताना तो त्याच्या हातातून एकदा निसटला, टेबलावर पडला, आणि कुणीच त्याची सबब विचारली नाही. त्याने डाव्या हाताने नंबर लावला. साइटच्या साहेबांनी रविवारी फोन कशाला म्हणून जरा वैतागूनच उचलला.

"साहेब, उद्या वर दुसरं माणूस पाठवा. माझा हात थरथरतो."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग, "कधीपासून?"

"थंडीपासून." आणि मग, विचारलं नसताना, "दाजींना माहीत नव्हतं. आज कळलं त्यांना."

दाजींनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. टॉवरने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. इतक्या वर्षांत वरच्याने खालच्याला थांबवण्याची ती पहिलीच वेळ असावी. दाजींनी तोंड मिटलं, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

साहेब रागावतील असं टॉवरला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बरं," ते म्हणाले, "किल्ली उद्या ऑफिसात जमा करा. नदीपलीकडच्या साइटवर क्रेन चालवणारी बाई आहे, तिला सांगतो." फोन बंद झाला. ज्या केबिनसाठी त्याने एवढा आटापिटा केला होता, ती जायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

टॉवर खाली बसला. काय झालं ते त्याने दोघांना सांगितलं.

"ती बाई?" दाजी अस्वस्थ झाले. "तिला माझा हात माहीत नाही. मला तिचं हातवळण माहीत नाही. त्या बोळातून आणायचं म्हणजे... टॉवर, ते तूच आणू शकतोस रे. तुझ्याइतकं हळुवार कुणी टेकवत नाही."

ते खरं होतं. साइटवर कुणालाही विचारलं असतं तरी हेच म्हणाला असता. टॉवरला वाटलं, ताई आता तरी कौतुकाचे दोन शब्द बोलेल.

ताईने पायाशी पडलेला तुटका भाला उचलून टेबलावर ठेवला. "तिचा हात थरथरतो का?"

 उत्तर टॉवरलाच द्यावं लागलं.

"नाही."

"मग मला पुरे," ताई म्हणाली.